पुरवठादाराचा कस लावताना : धार-देवासच्या कारखानदारीतील एक दुर्लक्षित प्रश्न

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. मालमोटारी आणि बसगाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला आणि वाहनांच्या सुट्या भागांवरील २८ टक्क्यांचा टप्पा जाऊन तेथे १८ टक्के आले. या बदलाची चर्चा प्रामुख्याने ग्राहकाला गाडी किती स्वस्त पडेल, या अंगाने झाली. कारखानदारीच्या अंगाने पाहिले, तर त्याचे पडसाद अधिक खोलवर उमटणारे आहेत. गाडी स्वस्त झाली की मागणी वाढण्याची अपेक्षा निर्माण होते. मागणी वाढायची, तर सुटे भाग अधिक लागतात. मग वाहन कंपन्यांचे अभियंते लहान-मध्यम पुरवठादारांच्या दारात उभे राहतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. क्षमता किती आहे, खर्च किती येतो आणि दर किती उतरवता येईल?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी पुरवठादाराच्या कारखान्याचा अभ्यास केला जातो. मात्र एकेका पुरवठादाराकडे शंभर-दीडशे प्रकारचे भाग तयार होत असतात. सर्वांचा अभ्यास करण्यास ना वेळ असतो, ना माणसे. म्हणून त्यांतील चार-पाच भाग निवडले जातात, त्यांच्यावर मोजमाप होते आणि निष्कर्ष मात्र संपूर्ण कारखान्याला लावला जातो. मोजमाप कितीही काटेकोर असले, तरी भागांची निवड चुकली असेल तर निष्कर्षही चुकतो, आणि त्याची किंमत बहुधा लहान कारखानदार मोजतो. मध्य प्रदेशातील धार आणि देवास या दोन जिल्ह्यांच्या औद्योगिक पट्ट्याकडे पाहिले, की हा प्रश्न किती व्यापक आहे, ते ध्यानी येते.

माळव्यातील दोन संस्थाने, दोन उद्योगनगरे

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला नवी नाहीत. दोन्ही ठिकाणी पवार घराण्याची संस्थाने होती. देवासात तर थोरली आणि धाकटी अशा दोन पाती एकाच गावात शेजारी-शेजारी नांदल्या. मराठ्यांच्या माळव्यातील विस्ताराची ती खूण होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच भूमीवर कारखानदारी उभी राहिली आणि तिचेही धागे पुन्हा महाराष्ट्राशी जुळले.

धार जिल्ह्यातील पीथमपूर १९८०च्या दशकात औद्योगिक क्षेत्र म्हणून आकाराला आले. कायनेटिक होंडाच्या स्कूटरी येथेच तयार होऊ लागल्या. आयशरने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने येथे हलक्या मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, येथे कारखाना काढला आणि तिची 'ट्रॅव्हलर' येथूनच देशभर गेली. २००८ मध्ये आयशर आणि स्वीडनचा व्होल्वो समूह यांचा संयुक्त उपक्रम कार्यरत झाला, तर २०१३ मध्ये व्होल्वोच्या मध्यम क्षमतेच्या इंजिनांचे उत्पादन पीथमपुरात सुरू झाले. जून २०२१ मध्ये वाहनचाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टीही येथे खुली झाली.

इंदूरच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या देवासचा औद्योगिक पिंड थोडा वेगळा आहे. किर्लोस्करांचे पंप, गजरा गिअर्सची दातेरी चाके, आयशरचा गिअर विभाग आणि जॉन डिअर कंपनीचा पुण्यानंतरचा ट्रॅक्टर कारखाना ही त्याची ओळख होय. पीथमपुरात वाहनाच्या जुळणीचा, तर देवासात गिअरसारख्या घटकांचा वारसा बळकट आहे. या मोठ्या नावांच्या मागे लेथ, मिलिंग, दाबकाम, ओतकाम आणि उष्णता-प्रक्रिया करणारे लहान-मध्यम कारखाने उभे असतात. सुट्या भागांच्या निवडीचा प्रश्न थेट त्यांच्याशी निगडित आहे.

संख्येचा मोह

अभ्यासासाठी भाग निवडताना सर्वाधिक वापरला जाणारा निकष म्हणजे वार्षिक संख्या. जो भाग सर्वांत अधिक नगांनी घेतला जातो, तो आधी हाती घ्यायचा. या विचारामागे भक्कम परंपरा आहे. इटलीतील जमिनीची मालकी मोजक्या लोकांच्या हाती एकवटली आहे, असे अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो परेटो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. 'मोजक्यांचे महत्त्व' हे सूत्र गुणवत्ताशास्त्रज्ञ जोसेफ जुरान यांनी कारखान्यात आणले आणि त्याला परेटोंचे नाव दिले. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील फोर्ड डिकी यांनी साठ्यातील वस्तूंची अ, ब, क अशी वर्गवारी मांडली. आज कोणत्याही खरेदी विभागात ही वर्गवारी पाठ असते.

परंतु ही वर्गवारी साठ्यासाठी जन्मली. कोणत्या वस्तूत किती पैसा अडकला आहे, हे ती सांगते. ती वस्तू घडविताना कारखान्याचा किती घाम गळतो, हे तिला सांगता येत नाही. कारण घडविण्यातील कष्ट नगांच्या संख्येवर अवलंबून नसतात आणि किमतीवरही पूर्णपणे नसतात. एक कल्पित उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल.

समजा, पीथमपुरातील एक मध्यम कारखाना एका वाहन कंपनीला चार प्रकारचे भाग पुरवितो. पहिला साधा बुश : वर्षाला २ लाख नग, दर १२ रुपये, एका नगाला यंत्रावर ०.४ मिनिट. दुसरा फ्लँज : ४० हजार नग, दर १८० रुपये, ३ मिनिटे. तिसरा गिअर बदलण्याचा फोर्क : १२ हजार नग, दर ६५० रुपये, ९ मिनिटे. चौथे ओतीव हाउसिंग : केवळ ३ हजार नग, दर २,४०० रुपये, ५० मिनिटे.

संख्येने पाहिले, तर बुश निर्विवाद पहिला. एकूण नगांपैकी ७८ टक्के तोच आहे. खरेदीच्या रकमेने पाहिले, तर क्रम बदलतो : फोर्क ७८ लाख, फ्लँज आणि हाउसिंग प्रत्येकी ७२ लाख, बुश अवघे २४ लाख. आणि यंत्राचे तास मोजले, की चित्र पुरते उलटते. बुशला वर्षाला सुमारे १,३३३ तास लागतात, फोर्कला १,८००, फ्लँजला २,००० आणि हाउसिंगला २,५०० तास. नगांच्या संख्येत जेमतेम सव्वा टक्का असलेले हाउसिंग यंत्रवेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाते. यंत्र नव्या भागासाठी तयार करण्याचा वेळ, ज्याला कारखान्यात 'सेटिंग' म्हणतात, तो यात धरलेलाच नाही. शंभर-शंभरच्या खेपेने हाउसिंग घेतले, तर वर्षात ३० वेळा सेटिंग करावे लागते. प्रत्येक वेळी चार तास धरले, तर आणखी १२० तास त्यावर जातात. बुश वीस-वीस हजारांच्या खेपेने निघतो. त्याची दहा सेटिंगे प्रत्येकी दोन तासांची धरली, तरी सारी मिळून २० तासांत आटोपतात.

आता अभियंत्यांनी केवळ बुश निवडला, नवे हत्यार बसवून त्याची यंत्रवेळ १० टक्क्यांनी घटविली आणि या यशाच्या आधारे खरेदी विभागाने चारही भागांवर तीन टक्के दरकपात मागितली, असे समजू. चारही भागांची मिळून खरेदी २ कोटी ४६ लाखांची. तीन टक्के म्हणजे ७ लाख ३८ हजार रुपये. प्रत्यक्ष बचत किती? यंत्राचा तास ५०० रुपयांचा धरला, तर १३३ तासांचे सुमारे ६७ हजार. चारही भागांत १० टक्के यंत्रवेळ वाचली असती, तरी बचत ३ लाख ८० हजारांच्या आसपास थांबली असती. कारण भागाच्या दरातील मोठा वाटा पोलाद, ओतकाम, फोर्जिंग आणि बाहेरच्या प्रक्रियांचा असतो. यंत्रावरील वेळ हा त्यातील एक तुकडा. उरलेली तफावत कारखानदार स्वतःच्या नफ्यातून भरतो, नफा संपला की देखभालीतून भरतो आणि शेवटी कामगारांच्या पगारातून.

गुंतागुंत म्हणजे नेमके काय?

संख्येच्या जोडीला दुसरा निकष हवा, तो घडणीतील गुंतागुंतीचा. हा शब्द सैलपणे वापरला जातो. 'हा भाग अवघड आहे' असे पुरवठादार म्हणतो, 'तुम्हाला प्रत्येकच भाग अवघड वाटतो' असे खरेदीदार म्हणतो, आणि चर्चा तेथेच संपते. वास्तविक गुंतागुंत मोजता येते. भाग किती टप्प्यांतून जातो, किती वेळा तो यंत्रावरून उतरवून पुन्हा बांधावा लागतो, त्याच्या मापांत किती मायक्रॉनची सूट आहे, त्यासाठी खास फिक्स्चर आणि गेज लागतात काय, किती टप्पे कारखान्याबाहेर होतात, आणि पहिल्या फेरीत किती नग बाद होतात, या सहा बाबींची नोंद केली तरी भागाभागांतील फरक कागदावर उतरतो.

यात आणखी एक बाब महत्त्वाची असते. काही प्रक्रिया अशा असतात की, त्या नीट झाल्या की नाही, हे तयार नग पाहून पूर्णपणे कळत नाही. जोडकाम, मुलामा आणि उष्णता-प्रक्रिया या त्यांपैकी होत. देवासच्या ओळखीचा भाग असलेले गिअर हे याचे उत्तम उदाहरण. फोर्जिंग, लेथवरील काम, दाते पाडण्याचे हॉबिंग, नंतर पृष्ठभाग कठीण करण्यासाठी कार्बन शोषविणारी भट्टी आणि शेवटी ग्राइंडिंग, असा गिअरचा प्रवास असतो. भट्टीतून बाहेर पडताना पोलाद किंचित वाकते, फुगते. हा बदल किती होईल, याचा अंदाज घेऊन आधीच्या टप्प्यातील माप ठरवावे लागते. म्हणजे हॉबिंग यंत्रावरील दोष भट्टीनंतर उघड होतो आणि भट्टीचा दोष ग्राइंडिंगवाल्याच्या माथी येतो. एकेका टप्प्याचे घड्याळ लावून अशा भागाचा खर्च समजत नाही. संपूर्ण साखळी पाहावी लागते. बुशच्या अभ्यासातून ही साखळी कधीही दिसणार नाही.

निवडीची चौकट

संख्या आडव्या रेषेवर आणि गुंतागुंत उभ्या रेषेवर मांडली, की चार घरे तयार होतात. प्रत्येक घर कारखान्याबद्दल वेगळी गोष्ट सांगते.

अधिक संख्या आणि कमी गुंतागुंत असलेल्या भागात सेकंदांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो : माल कसा सरकतो, यंत्र किती वेळ रिकामे राहते, कामगाराची हालचाल किती. अधिक संख्या आणि अधिक गुंतागुंत असलेले भाग अभ्यासात सर्वप्रथम यायला हवेत. तेथील छोटी सुधारणा हजारो नगांवर फळते आणि कारखान्याच्या क्षमतेची खरी मर्यादाही तेथेच दिसते. कमी संख्या आणि अधिक गुंतागुंतीच्या घरात सेटिंगचा वेळ, बाद होणारे नग आणि कुशल सेटरवरील अवलंबित्व उघड होते. एखादा अनुभवी सेटर रजेवर गेला की खेप अडते, ही माहिती कोणत्याही दरपत्रकात नसते. कमी संख्या आणि कमी गुंतागुंतीचे भाग बहुधा बाजूला ठेवता येतात. मात्र जुन्या मॉडेलचे असे भाग आजही याच कारखान्यात का घडविले जातात, एवढा प्रश्न विचारणे योग्य ठरते.

पहिल्या तीन घरांतून प्रत्येकी एक-दोन भाग घेतले की चार-पाच भागांचा संच तयार होतो. त्यातही प्रत्येक भाग आपल्या कुळाचा प्रतिनिधी असावा. एकाच क्रमाने, त्याच यंत्रांवरून जाणाऱ्या भागांचे कूळ मानण्याची पद्धत नवी नाही. सोव्हिएत संघात मित्रोफानोव्ह आणि जर्मनीतील आखेन येथे ओपिट्झ यांनी भागांच्या अशा गटवारीचा पाया विसाव्या शतकाच्या मध्यात घातला. प्रतिनिधी भागावर मिळालेला निष्कर्ष त्याच्या कुळापुरताच लागू करावा, हे पथ्य पाळले तर वर दाखविलेली सरसकट दरकपातीची चूक टळते.

उलट बाजूचा धोकाही लक्षात घ्यायला हवा. केवळ सर्वांत अवघड भाग निवडण्याचा अट्टहास अभियंत्यांना आकर्षित करतो, कारण तेथे बुद्धीला आव्हान असते. पण अशा एका भागावर महिने जातात आणि हाती येते ते फक्त त्या भागापुरते. मालकाचा उत्साह मावळतो, आणि पुढच्या वेळी अभ्यासाचे नाव काढले की तो पाठ फिरवतो. सुरुवातीला एखादा सोपा, मोठ्या संख्येचा भाग संचात असणे म्हणूनच उपयोगी पडते. त्यावर लवकर यश दिसते आणि विश्वास बसतो.

निवड कोणी करायची?

निवडीचा अधिकार एकाच बाजूकडे असला, की ती कलते. पुरवठादार आपला सर्वांत देखणा भाग पुढे करतो : नवे यंत्र, स्वच्छ कोपरा, कमी तक्रारी. खरेदीदार ज्या भागात दर उतरविणे सोपे, तो भाग निवडतो. दोघांचाही हेतू वाईट नसतो, तरी दोन्ही चित्रे अर्धवट असतात. म्हणून निवड संयुक्त असावी, तिची कारणे लिहून ठेवावीत, आणि जो भाग सोडला तो का सोडला, हेही नोंदवावे. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे परिसरात संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने सुटे भाग उत्पादकांच्या संघटनेबरोबर लहान-मध्यम पुरवठादारांसाठी सुधारणेचा उपक्रम राबविला. कारखान्याला बाजूला ठेवून नव्हे, तर त्याला सोबत घेऊन सुधारणा करायची, ही दृष्टी तेव्हापासून भारतीय वाहन उद्योगाला परिचित आहे.

दुसरी अट अधिक कठीण आहे : अभ्यास आणि दराची वाटाघाट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे. अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी खरेदी अधिकारी दरकपातीचा आकडा घेऊन आला, तर कारखान्यातील कोणीही खरे आकडे दाखविणार नाही. यंत्र मुद्दाम सावकाश चालेल, बाद नगांची वही कपाटात जाईल. बचत आधी प्रत्यक्षात यावी, ती दोघांनी मान्य करावी, आणि मग तिची वाटणी ठरावी.

लहान उद्योगांना कायद्याचे काही संरक्षण आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही मुदत चुकविणाऱ्या खरेदीदाराला प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावटही मिळत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढाल-मर्यादा १०० कोटींपर्यंत वाढल्याने अधिक कारखाने या छत्राखाली आले. परंतु पैसे केव्हा द्यायचे, एवढेच कायदा सांगतो. दर कोणत्या भागाच्या अभ्यासावरून ठरला, हे विचारणारा कायदा नाही, आणि तसा असणे व्यवहार्यही नाही. तेथे केवळ व्यावसायिक शहाणपणाचाच आधार उरतो.

कालची संख्या, उद्याचा भाग

या शहाणपणाला काळाचेही भान हवे. भाग निवडताना गेल्या वर्षीची संख्या पाहिली जाते. अभ्यासाचा लाभ मात्र पुढच्या तीन-चार वर्षांत मिळायचा असतो. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ चे उत्सर्जन-मानक लागू झाले, तेव्हा इंजिन आणि धूरनळीशी संबंधित अनेक जुने भाग मागे पडले आणि नवे, अधिक काटेकोर भाग आले. विजेवर चालणाऱ्या वाहनांत इंजिन नसते आणि गिअरपेटीही बरीच साधी होते. मालमोटारी आणि ट्रॅक्टर या वळणावर प्रवासी गाड्यांपेक्षा सावकाश येत आहेत. पीथमपूर आणि देवासला त्यामुळे थोडा अवधी मिळाला आहे. पण आज भरभरून जाणारा भाग उद्या बंद होणार असेल, तर त्यावर केलेला उत्तम अभ्यासही वाया जातो. म्हणून निवडीच्या संचात एखादा येऊ घातलेला भाग असायलाच हवा. आज त्याची संख्या शून्य असली, तरी त्याची गुंतागुंत ड्रॉइंगवरून मोजता येते.

गोमंतकासाठी धडा

हा विषय माळव्यापुरता नाही. सत्तरी तालुक्यातील होंडा-भुईपाल परिसरात ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही कंपनी बसबांधणीबरोबरच टाटा मोटर्ससाठी पत्र्याचे दाबकाम करते. वेर्णे, कुंडई आणि अन्य औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने राज्याबाहेरच्या मोठ्या ग्राहकांसाठी काम करतात. गोव्याचा पुरवठादार आपल्या ग्राहकापासून दूर असतो. त्यामुळे ग्राहकाचा अभियंता रोज येत नाही. तो वर्षातून एखाद्या वेळी येतो, दोन दिवस राहतो आणि मोजके भाग पाहून मत बनवितो. अंतर जितके अधिक, तितका निवडलेल्या भागांवर पडणारा भार मोठा. घाटमार्गावरील वाहतुकीचा खर्च हलक्या बुशला जाणवत नाही. अवजड, जागा खाणाऱ्या पत्र्याच्या भागाला तो पुरता जाणवतो. बुश पाहून ठरलेला दर अशा भागाला परवडत नाही.

म्हणून लहान कारखानदाराने ग्राहकाची वाट न पाहता आपल्या सर्व भागांची यादी स्वतःच करावी : वार्षिक संख्या, यंत्राचे तास, सेटिंगची संख्या, बाद होण्याचे प्रमाण आणि बाहेरच्या प्रक्रिया. त्यासाठी महागडी संगणक-प्रणाली लागत नाही. एक वही आणि महिनाभराची शिस्त पुरते. अशी यादी टेबलावर असली, की 'हा भाग अवघड आहे' हे विधान तक्रार न राहता पुरावा होते. औद्योगिक संघटनांनी आणि तंत्रनिकेतनांनी या कामी मदतीचा हात दिल्यास विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष कारखान्याचे शिक्षण मिळेल.

कराचे दर उतरले, मागणी हलू लागली, की पुढचा दबाव पुरवठा-साखळीच्या तळाशी पोहोचतो. त्या दबावाखाली ठरणारे दर वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांवर शेकडो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. ते दर ज्या चार-पाच भागांच्या अभ्यासावर उभे राहतात, त्यांची निवड यंत्रांवरील प्रत्यक्ष कामाची साक्ष घेऊन झाली पाहिजे. मोजपट्टी हाती घेण्यापूर्वी काय मोजायचे, यावर अर्धा दिवस खर्ची घालणे कोणत्याही कंपनीला परवडते. ते न केल्याचा भुर्दंड मात्र लहान कारखान्याला परवडत नाही.